कॅमेऱ्याबाहेरचा चटका

गोव्यातल्या आमच्या आमोणे गावात निम्मे लोक मला अजून डॉक्टरांचा माणूस समजतात आणि निम्मे मिक्सर दुरुस्त करणारा. पहिले रस्त्यात थांबवून एक्स-रे उन्हाला धरून दाखवतात, दुसरे पिशवीत घालून मिक्सर आणतात. मी कुणालाच परत पाठवत नाही. एक्स-रे बघून ‘मोठ्या डॉक्टरांना दाखवा’ म्हणतो आणि मिक्सर ठेवून घेतो. माझं खरं काम या दोहोंच्या मधे कुठेतरी होतं आणि ते चारचौघांना कसं सांगावं, हे निवृत्त झालो तरी मला जमलेलं नाही. आता लिहून जमतं का बघतो.

मी इस्पितळांतली यंत्रं तपासायचो. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचं. सुरुवातीला तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सर्किटं जुळवली. मग यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत लागलो आणि पेडण्यापासून डिचोलीपर्यंतची लहानमोठी खाजगी इस्पितळं माझ्या वाट्याला आली. स्कूटरच्या मागे मीटरची पेटी बांधायची, ऑपरेशन थिएटरच्या दारात चपला काढून हिरवे कपडे चढवायचे, आणि पेशंट टेबलावर यायच्या आत यंत्राला ‘ठीक आहे’ म्हणायचं. हे दोन शब्द म्हणजेच माझा धंदा.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या यंत्राशेजारी घालवला त्याला थिएटरात कॉटरी म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं सर्जन सुरीनं कापतो. सुरी लागते ती बहुतेक कातडीपुरती. आत गेल्यावर बरंचसं काम वीज करते. डॉक्टरांच्या हातात पेनासारखी वस्तू असते आणि पायाशी पेडल. पेडल दाबलं की पेनाच्या टोकातून वीज मांसात शिरते, मांस कापलं जातं किंवा रक्त गळणारी बारीक शीर भाजून बंद होते. ही वीज घरातल्या विजेहून इतकी जलद मागेपुढे होते की माणसाला तिचा धक्का बसत नाही, फक्त उष्णता होते. आणि आत शिरलेल्या विजेला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून पेशंटच्या मांडीला एक रुंद चिकट प्लेट लावतात.

मग प्लेटखाली का भाजत नाही, असं लोक विचारतात. आमोण्याच्या माणसाला हे समजावणं सोपं. आमच्या खाजन, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या, शेतांच्या बांधाला मानस असते, म्हणजे नदीचं पाणी आतबाहेर सोडायचं लाकडी दार. त्या अरुंद तोंडाशी पाणी असं धावतं की खाली खड्डा पडतो. तेच पाणी आत शेतात पसरलं की घोट्याएवढं होतं, काडीसुद्धा हलवत नाही. पेनाचं टोक म्हणजे मानस आणि प्लेट म्हणजे शेत. प्लेट निम्मी सुटली आणि एका कोपऱ्यावर चिकटून राहिली तर तो कोपराच मानस होतो आणि तिथली कातडी भाजते. नवी यंत्रं प्लेट सुटली की बोंब मारतात. पण ती बोंब मारते की नाही हेही कुणीतरी बघावं लागतं. तो कुणीतरी मी.

माझ्या कामात दोन प्रकारचे दिवस असत. एक, ज्या दिवशी काहीच होत नाही. दुसरा, ज्या दिवशी कुणाच्या तरी अंगावर डाग दिसतो आणि सगळे माझ्याकडे बघतात.

पेडण्याच्या एका इस्पितळात तुयेच्या कारखान्यात काम करणारा मारुती म्हणून एक माणूस होता, मूळचा आजऱ्याकडचा. मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या कुल्ल्यावर तळहाताएवढा लालकाळा डाग आणि त्यावर फोड. मला बोलावणं आलं. मी यंत्र उघडलं, मोजलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. प्लेट दुसऱ्याच मांडीवर होती आणि तिच्याखालची कातडी स्वच्छ. मी वॉर्डात जाऊन त्याला भेटलो तर तो पालथा पडल्या पडल्या म्हणाला, “साहेब, कंपनीत शॉक बसतोय म्हणून मी गपगार कामं करतोय, आन् हितं झोपेत बसवला व्हय?” मी म्हटलं, मला अजून काही समजलेलं नाही. तो म्हणाला, “मला तर न्हाईच. मी झोपलोवतो.”

शेवटी कातडीच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं की ही वीज नव्हे. ऑपरेशनच्या आधी कातडीला फासतात ते औषध ओघळून त्याच्या खाली साचलं होतं, आणि तो तासन्‌तास त्या ओल्यावर पडून होता. डागाचा आकारही ओघळाचाच होता, फक्त आम्ही कुणी तसा बघितला नव्हता. मला हायसं वाटलं. मारुतीला वाटण्याचं काही कारण नव्हतं, त्याचा डाग होता तसाच होता. तो म्हणाला, “म्हंजे मशीन चांगलं हाय. मग बरं हाय.” हे तो मला धीर देण्यासाठी म्हणाला, हे मला स्कूटरवर बसल्यावर कळलं.

एवढ्यावर मी एक धडा मनात पक्का करून ठेवला होता. दिसणारा प्रत्येक डाग विजेचा नसतो. त्याची दुसरी बाजू मला माझ्या चुलतभावाच्या बायकोनं, वत्सलावहिनीनं शिकवली.

त्याआधी दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे लोक त्याला ‘तीन बुराकांचं ऑपरेशन’ म्हणतात. बुराक म्हणजे भोक. पोट फाडायचं नाही. तीन-चार बुराक पाडायचे, त्यांत नळ्या बसवायच्या, पोटात गॅस भरून ते फुगवायचं आणि एका नळीतून कॅमेरा आत सोडायचा. बाकीच्या नळ्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. डॉक्टर पोटाकडे बघतच नाहीत, समोरच्या पडद्याकडे बघतात. कॉटरीचं पेनही इथे लांब दांडीचं असतं, टोकाला वाकडा हुक. दांडी आतून धातूची, वरून प्लास्टिकचं आवरण. वीज फक्त हुकाच्या टोकाशी उघडी.

गोची अशी की पडद्यावर दिसतो तो हुक आणि त्याच्या आजूबाजूचा तळहाताएवढा भाग. मागची सगळी दांडी कॅमेऱ्याबाहेर असते आणि तिच्या अंगाला आतडी लागून असतात. आवरणाला केसाएवढी चीर गेली असेल तर वीज तिथून बाहेर उडी मारते आणि आतडं भाजतं. डॉक्टरांना ते दिसत नाही, पेशंट भुलीत असतो. आतड्याचा भाजलेला ठिपका लगेच फुटत नाही. काही दिवस तो तसाच राहतो, मग मऊ होऊन सुटतो. तोवर पेशंट घरी जाऊन भातपेज खात असतो.

या चिरा शोधायचं काम माझ्याकडे होतं. दांडीवरून तपासणीची एक रिंग फिरवायची, चीर असेल तिथे यंत्र किणकिणतं. डोळ्याला काही दिसत नसलं तरी किणकिणलेली दांडी मी बाजूला काढायचो. डॉक्टर लोक कुरकुरायचे, कारण नेमकी हाताला बसलेली दांडीच बाद व्हायची. डिचोलीच्या इस्पितळात प्रज्ञा मॅडम होत्या, तिथल्या सर्जन. त्या कधी कुरकुरल्या नाहीत. बाद दांडी हातात घेऊन उजेडाकडे धरून बघायच्या आणि म्हणायच्या, “मला यात काही दिसत नाही, गुरुदास. फेका.” थिएटर सांभाळणाऱ्या फिलोमिना सिस्टर ती लगेच डब्यात टाकायच्या.

म्हणूनच, माझा चुलतभाऊ रामनाथदादा एके दिवशी स्कूटर अडवून उभा राहिला तेव्हा मी क्षणभरही विचार केला नाही. दादा पूर्वी खनिजाच्या बार्जवर होता. खाणी बंद पडल्यावर शेतीत उतरला आणि त्याच्यापेक्षा जास्त शेती वत्सलावहिनी करू लागली. तिला पित्ताचे खडे झाले होते. दुखायला लागलं की ती मेरेवर, शेताच्या बांधाशी, ओणवी होऊन बसायची. फाडून करावं की बुराकाचं, दादानं विचारलं. मी म्हटलं, बुराकाचं. प्रज्ञा मॅडमकडे. यंत्र मी बघतो तिथलं. दोन दिवसांत घरी येईल आणि अळसांदे, आमची चवळी, पेरायला उभी राहील.

तसंच झालं. ऑपरेशनच्या सकाळी मी स्वतः यंत्र तपासलं, सगळ्या दांड्यांवरून रिंग फिरवली. एकही किणकिणली नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी घरी आली. मी बघायला गेलो तर पडवीत कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून शेजारणींना चार चिकटपट्ट्या दाखवत होती.

मग काही दिवसांनी तिचं पोट दुखायला लागलं. पहिल्यांदा तिला वाटलं गॅस असेल, आत भरलेला गॅस राहिला असेल. दादानं मला फोन केला, मीही तसंच म्हटलं, असतं थोडं. संध्याकाळी ताप चढला आणि पोट फळीसारखं घट्ट झालं. दादा तिला पुन्हा डिचोलीला घेऊन गेला, मीही मागोमाग पोचलो. प्रज्ञा मॅडमनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला, असं दादा नंतर सांगायचा. त्यांनी ताबडतोब पोट उघडलं. या वेळी बुराक नव्हे, उभं फाडून. लहान आतड्याला मुगाएवढं भोक होतं आणि भोकाच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. हत्यार घुसून पडलेल्या भोकाच्या कडा अशा नसतात. हे भाजलेलं होतं. आतड्याचा तेवढा भाग काढून टाकला, आणि आत पू इतका पसरला होता की टोकं लगेच जोडण्याऐवजी पोटावर बाहेर काढून त्यावर पिशवी लावली. वहिनीला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. तेही मीच तपासलेलं.

इस्पितळाच्या व्यवस्थापकांना वाटत होतं की नातेवाइकांना ‘गुंतागुंत झाली’ एवढंच सांगावं. तो शब्द खोटा नव्हता. प्रज्ञा मॅडम कपडेही न बदलता बाहेर आल्या आणि दादासमोर उभ्या राहिल्या. मी शेजारीच होतो.

“रामनाथबाब,” त्या म्हणाल्या, “त्यांचं आतडं भाजलं होतं. पहिलं ऑपरेशन मी करत होते तेव्हाच भाजलं. कसं भाजलं ते मला अजून समजलेलं नाही. समजलं की आधी तुम्हाला सांगेन.”

दादा आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. त्यानं फक्त मान हलवली आणि बाकावर बसला. मग माझ्याकडे वळून त्यानं आमच्या बोलीत विचारलं, “मशीन बरें आसा म्हणटा तूं. मागीर तिका भाजलें कशें?”

एवढी वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलो होतो की यंत्र ठीक असेल तर भाजत नाही. आता यंत्र ठीक होतं आणि भाजलं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि ते डोक्यात बसेना.

पुढचे दिवस मी डिचोलीतच काढले. यंत्राची वीज मोजली, गळती मोजली, प्लेट, तारा, पेडल, सगळं. त्या दिवशीच्या दांड्या फिलोमिना सिस्टरनी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, त्यांवरून पुन्हा पुन्हा रिंग फिरवली. एक दांडी किणकिणली तर बरं होईल, असं मला वाटू लागलं होतं. किणकिणली नाही. यंत्र बनवणाऱ्यांना फोन केला, त्यांनी मी केलेल्याच चाचण्या सांगितल्या. ऑपरेशनचं रेकॉर्डिंग होतं, ते मॅडम, सिस्टर आणि मी, आम्ही तिघांनी बसून बघितलं. हुक, पित्ताशय, यकृताची कड, थोडा धूर. हुक कुठेही आतड्याजवळ गेला नव्हता. जे घडलं ते पडद्याच्या बाहेर घडलं होतं आणि आम्ही पडद्याकडेच बघत बसलो होतो. रेकॉर्डिंग संपल्यावर सिस्टर म्हणाल्या, “गुरुदास, तुजें यंत्र बरें आसा, पूण म्हाका कांय बरें दिसना.”

वर वॉर्डात वहिनी श्वासाच्या यंत्रावरून उतरली, पण ओळखत नव्हती. एकदा तिनं मला दादा समजून मानस बंद केली का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

प्रज्ञा मॅडमनी मग एक वेगळीच गोष्ट सुचवली. त्यांनी घरी बसून बरंच वाचलं होतं. त्या म्हणाल्या की दांडीला चीर नसतानाही वीज बाहेर जाऊ शकते असं लिहिलंय, पण नेमकं कधी ते मला नीट कळलं नाही, तुम्हाला कळतं का बघा. मी वाचलं. तत्त्व मला डिप्लोमात शिकवलं होतं. दोन धातूंच्या मधे आवरण असलं तरी इतकी जलद वीज एकातून दुसऱ्यात उतरते, स्पर्शाशिवाय. मोठ्या विजेच्या तारांखाली अंधारात ट्यूबलाइट नुसती हातात धरली तर ती मिणमिणते, हे आम्ही विद्यार्थी असताना करून बघितलं होतं. पण ते तारांचं कौतुक होतं. कुणाच्या पोटात तसं होईल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

करून बघायचं ठरलं. इस्पितळाच्या मागच्या खोलीत मेजावर सगळं मांडलं. मांस लागणार होतं, ते सिस्टरनी आणलं. कसलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी हसू दाबलं. मांसाखाली प्लेट लावली, पोटाच्या भिंतीऐवजी एक जाड तुकडा उभा धरून त्यात धातूची नळी खोचली, नळीतून हुक घातला. नळीचं आतलं टोक दुसऱ्या तुकड्याला जेमतेम टेकवलं. हुक हवेत. मॅडमनी पेडल दाबलं. काही झालं नाही. जागा बदलली, पुन्हा दाबलं. काही नाही. तासभर आम्ही तसेच दाबत होतो. मला वाटलं, वाचलेलं सगळं वाचण्यापुरतंच.

सिस्टर नळीकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, हांवें तें नवें कडें घातिल्लें न्हय?”

मग मॅडमनाही आठवलं. वहिनी शेतात राबणारी, अंगानं काटकुळी. तिच्या पोटाची भिंत इतकी पातळ होती की धातूची नळी सारखी निसटत होती. त्यासाठी इस्पितळानं थोड्याच दिवसांपूर्वी प्लास्टिकची आट्यांची कडी आणली होती. नळीवर कडं चढवायचं आणि कातडीत स्क्रूसारखं फिरवायचं, नळी घट्ट बसते. मॅडमनीच ती मागवली होती, आणि सगळ्यांना आवडली होती. माझ्याकडे ती तपासायला कधी आली नव्हती. प्लास्टिकच्या कड्याला तपासायचं काय?

कडं चढवलं. नळी आता उभ्या तुकड्याला लागत नव्हती, मधे प्लास्टिक होतं. मॅडमनी पेडल दाबलं. नळीच्या आतल्या टोकाशी बारीक चुरचुर झाली. टॉर्च धरून बघितलं तर मांसावर पांढरा ठिपका.

तिथे उभ्या उभ्या मला समजलं, किंवा समजल्यासारखं वाटलं. दांडीतून थोडी वीज नेहमीच नळीत उतरते. नळी पोटाच्या भिंतीला लागून असेल तर ती वीज त्या रुंद भिंतीत पसरते आणि कुणाला कळतही नाही. प्लास्टिकच्या कड्यानं ती वाट बंद केली. मानस बंद केली की भरतीचं पाणी बांधात खेकड्यानं पाडलेलं बीळ शोधतं, तशी ती वीज नळीला टेकलेल्या एका आतड्यातून बाहेर पडली. त्यात हुक मांसाला लागायच्या आधीच हवेत पेडल दाबलं गेलं तर वीज आणखी जोर करते. दांडी चांगली, नळी चांगली, यंत्र चांगलं, कडंही चांगलं. चारही एकत्र आल्यावर वाईट.

पण आम्ही पुन्हा करून बघितलं तेव्हा ठिपका उठला नाही. मग पुन्हा उठला. मग दोनदा नाही. नळी किती टेकली, मांस किती ओलं, यावर ते होतं असावं. मॅडमनी पेडलावरून पाय काढला आणि विचारलं, “हेच झालं असेल ना?”

मी म्हटलं, “असू शकतं.”

“मला हो किंवा नाही हवंय, गुरुदास.”

मला ते देता आलं नाही. आजही देता येत नाही. वहिनीच्या पोटात त्या दिवशी नळी कुठे टेकली होती, हे जगात कुणीही बघितलेलं नाही.

त्या दिवसापासून तिथे कडी बंद झाली. नळी एकतर सबंध धातूची किंवा सबंध प्लास्टिकची. विजेचा जोर शक्य तितका कमी. पेडल दाबायचं ते हुक मांसाला टेकल्यावर आणि तो पडद्यावर पूर्ण दिसत असताना, तेही थोडं थोडं. कॉटरीची तार धातूच्या चिमट्याला गुंडाळून ठेवायची सवय होती; तिथूनही वीज अशीच उतरू शकते, म्हणून तीही मोडली. मॅडमनी थिएटरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं की हुक दिसेनासा झाला तर कुणीही ओरडावं, अगदी फरशी पुसणाऱ्या मामांनीसुद्धा. पुढे मी पेडण्याच्या इस्पितळांत जाऊन तेच सांगितलं. काहींनी लगेच ऐकलं. काही म्हणाले, आमच्याकडे असं कधी झालेलं नाही. मी म्हणायचो, आमच्याकडेही नव्हतं.

वहिनी शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागल्यावर मॅडम दिलेल्या शब्दाप्रमाणे आल्या, मलाही घेऊन. त्यांनी सगळं सांगितलं, कडी त्यांनी मागवली हेही. दादा खिडकीतून बाहेर बघत होता. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे मोडलेलं असं काहीच नव्हतं? मॅडम म्हणाल्या, नाही. मोडलेलं असतं तर बरं झालं असतं, वहिनी म्हणाली, फेकून तरी देता आलं असतं. मी म्हटलं, वहिनी, ती कडी आम्ही टाकली. तिनं माझ्याकडे बघितलं.

“ती टाकलीत,” ती म्हणाली, “पण कारण तीच की नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही.”

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनीनं त्यांचा हात धरला नाही, की सोडूनही दिला नाही. म्हणजे मॅडमचा हात पलंगावर होता आणि वहिनीनं आपला त्याच्या शेजारी ठेवला. त्याचा अर्थ काय, हे मला तेव्हा समजलं नाही.

पिशवी काही महिने राहिली. त्या हंगामात अळसांदे पेरले गेले नाहीत. वायंगणी भात, म्हणजे उन्हाळ्यातलं पीक, दादानं एकट्यानं कसंबसं काढलं. पिशवीमुळे वहिनी लग्नाकार्याला गेली नाही, देवळाच्या पायरीशी थांबून परत यायची. पुन्हा ऑपरेशन करून मॅडमनी आतडं जोडलं, आणि हळूहळू ती उभी राहिली. पूर्वीसारखी नाही. ओझं उचलताना पोटावर हात जातो तो अजून.

मग दादाला हर्निया झाला. बार्जवर दोर ओढून ओढून आधीच पोट कमकुवत होतं. जांघेतली गाठ मोठी झाली तेव्हा तो मला भेटला. तोच प्रश्न, त्याच रस्त्यावर. फाडून की बुराकाचं? हर्नियाचं फाडूनही चांगलं होतं. बुराकाचंही चांगलं होतं. मला सगळं ठाऊक होतं. तरी म्हटलं, फाडूनच कर, दादा.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा निरोप आला की बुराकाचंच करणार आहोत, आणि प्रज्ञा मॅडमकडेच. मी धावत गेलो. तिला म्हटलं, वहिनी, एवढं भोगून पुन्हा तिथेच का? ती नारळ किसत होती. म्हणाली, “दुसऱ्या डॉक्टरकडे काय झालं तर तो मला सांगेल की नाही, हे कुणी सांगावं? ही सांगते.” मी म्हटलं, पण झालंच तर? ती म्हणाली, झालंच तर झालं, निदान कळेल. मला हे पटलं असं म्हणता येत नाही. रात्रभर उलटसुलट विचार केला तरी तिचं चुकतंय कुठे, हेही सापडलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मी यंत्र तपासलं, दांड्या तपासल्या, नळ्या तपासल्या. मॅडम म्हणाल्या, आत थांबा. मी म्हटलं, आज नको. पहिल्यांदाच मी थिएटरच्या बाहेर, नातेवाइकांच्या बाकावर बसलो, वहिनीच्या शेजारी. ती विचारत होती, आता काय चाललं असेल? मी सांगत होतो, आता पोट फुगवलं असेल. आता कॅमेरा आत गेला असेल. आता कॉटरी लावली असेल. “आणि आता?” तिनं विचारलं. मी म्हटलं, आता ठाऊक नाही. तिनं मान डोलावली, जणू तेवढंच तिला ऐकायचं होतं.

मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या की छान झालं. आम्ही दोघांनीही ‘बरं’ म्हटलं. मॅडमनाही आमच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा नव्हती. भाजलेलं आतडं पहिल्या दिवशी कुणालाच काही सांगत नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

दादा घरी आला. मी रोज त्याच्या घरी जायला लागलो. कधी मिक्सर परत द्यायच्या निमित्तानं, कधी नुसताच. दादाच्या पोटाकडे माझी नजर जायची. ताप आहे का, भूक लागते का, पोट घट्ट वाटतं का, असं मी आडून आडून विचारायचो. दादा वैतागला. म्हणाला, “तू मला बघायला येतोस की माझ्या पोटाला?” मी हसलो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आठवडा उलटला होता. दादा पडवीत बसून जेवत होता. माशाच्या हुमणाला मीठ कमी पडलं म्हणून वहिनीला बोल लावत होता आणि ताटातलं सगळं संपवतही होता. मी उंबऱ्यात उभा राहून बघत राहिलो. वहिनी आतून वाटी घेऊन आली, तिनं आधी त्याच्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“भावोजी,” ती म्हणाली, “आतां येव नाका. कामाक वच.”

त्या दिवशी पेडण्याला दोन यंत्रं तपासायची राहिली होती. ती म्हणाली तसा कामावर गेलो आणि तपासली. ठीक होती. म्हणजे माझ्या मीटरला तरी तसं वाटलं.